हमिंगवरचा इलाज

चिगू रुबियांच्या घरातल्या स्पीकरमधलं हमिंग मी बंद केलं, आणि ते मी करायला नको होतं. जिकडून तो आवाज येत होता, त्याच वाटेवर त्या घरातल्या माणसांचा जीव टांगलेला होता. हे मला दीड तास उशिरा कळलं.

मला बालन म्हणतात. पूर्ण नाव तनपालन, पण ते फक्त ओळखपत्रावर. मलय मुलखातल्या ताइपिंग गावात वीस वर्षं मी लोकांच्या घरी टीव्ही, रिसीव्हर, स्पीकर जोडून देतो. वायर काय, कोणीही खुपसतो. मला बोलावतात ते माझ्या कानासाठी. एखाद्या घरात शिरल्या शिरल्या मी सांगतो की तुमचा उजवा स्पीकर उलटा जोडलाय, आणि मग घरमालकाचं तोंड बघण्यासारखं होतं. याचा मला माज आहे, खोटं कशाला बोलू. आवाजात खोट राहिली तर मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, तुमच्या कानात किडा आहे. असेल.

शाळेतल्या बाईंना आमच्याकडे चिगू म्हणतात, आणि एकदा शिकवलं की त्या जन्मभर चिगूच. रुबिया चिगूंनी मला आणि हिल्मीला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलाला, एका बाकावर बसवून मलय शिकवली. पट्टीचा प्रसाद देताना त्यांनी कधी आपला-परका केला नाही. आता त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि कान जवळजवळ गेले होते. कानाचं मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून ते कपाटात पडून होतं. पण गेल्या वर्षी माझ्या दुकानात एका मोठ्या वूफरसमोर, म्हणजे जड आवाजाच्या स्पीकरसमोर, त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "बालन, हे मला पायातून ऐकू येतंय." हिल्मीने ते ऐकलं आणि वर्षभर मनात धरून ठेवलं. ईदला तीन दिवस उरले असताना त्याने तसलाच वूफर घरी आणला. रिसीव्हर आणि पाच स्पीकर आधीचे होते, मीच बसवलेले.

दुपारी दोनला मी पोचलो. हिल्मी रजा टाकून फाटक रंगवत होता. चिगूंनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"पी. तुझा कुठे रोजा आहे?"

"तुमच्यासमोर नको, चिगू."

"पाचवीत बाकाखाली डबा उघडून खायचास, तेव्हा नाही आठवलं ते." कान गेले तरी त्या ओठ वाचायच्या, त्यामुळे पुटपुटायचीही सोय नव्हती.

मी पाणी प्यायलो आणि कामाला लागलो. वूफरसाठी भिंतीजवळ एक नवा सॉकेट लागणार होता, म्हणून मेन बंद करायला बाहेरच्या दारावरचा विजेचा डबा उघडला. आत बघतो तर गळती पकडणारा ब्रेकर जागेवर होता, पण त्याच्या या टोकापासून त्या टोकाला एक जाड लाल वायर टाकलेली. म्हणजे ब्रेकर नुसता शोभेचा.

"हे काय रे?" मी खिडकीतून विचारलं.

"डायरेक्ट केलंय," हिल्मी ब्रश न थांबवता म्हणाला. "जरा वीज कडाडली की पडायचा लेकाचा. गेल्या ईदला गावी गेलो, चार दिवसांनी येतो तर फ्रीजमधले मासे असे सडलेले की शेजारी पोलिसांना बोलवायच्या बेतात. मग एका वायरमनने करून दिलं."

"कोणाचा तरी जीव जाईल एक दिवस."

"अख्ख्या गल्लीत डायरेक्ट आहे. कोण गेलं?"

मी हसलो. खोटं नव्हतं ते. ताइपिंगमध्ये संध्याकाळ म्हणजे वीज आणि वीज म्हणजे ब्रेकर पडणार, आणि निम्म्या गावाने त्याच्यावर हाच इलाज केलेला. मी तर आवाजाचा माणूस. डबा बंद केला आणि माझा सॉकेट बसवला.

वूफर जोडण्यात तसं काही नसतं. रिसीव्हरच्या मागे त्याच्यासाठी एक भोक असतं, त्यातून एक वायर काढायची ती वूफरमध्ये घालायची. मग रिसीव्हरला सांगायचं की लहान स्पीकरांना जड आवाज देऊ नकोस, तो सगळा याच्याकडे पाठव. खरी अक्कल लागते ती जागा शोधायला. त्यासाठी वूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा आणि आपण खोलीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे आवाज भरून येतो, तिथे वूफर. मी रांगत होतो आणि चिगू बघत होत्या.

"हिल्मी, ये बघ. तुझा मित्र परत बालवाडीत गेला."

"तिथेच होता तो, आई. बाहेर कधी आला?"

जागा मिळाली ती त्यांच्या वेताच्या खुर्चीपासून दोन हातांवर. पाय फरशीवर टेकले की थेट पोचेल अशी. मी जुनं गाणं लावलं. चिगूंनी चपला काढून तळवे फरशीवर सपाट ठेवले, डोळे मिटले, आणि दुसऱ्या कडव्याला बोटं ताल धरायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फाटकाकडे पाठ करून उभा होतो म्हणून हिल्मीला दिसलं नाही.

तीनच्या सुमाराला चिगू उठल्या. सकाळपासून ओव्हनसमोर बसून त्यांनी ईदच्या बिस्किटांचे आठ डबे भरले होते, आता अंगावर पाणी घेऊन नमाजाला बसायचं होतं. त्या न्हाणीघरात गेल्या आणि थोड्या वेळाने वूफरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. जाड, एकसुरी, पोटात घुमणारा. यालाच आम्ही हमिंग म्हणतो, आणि मला त्याची चीड आहे.

मी वायर बदलली. प्लग उलटा करून पाहिला. वूफर दुसऱ्या सॉकेटला लावला. हमिंग होतं तसंच. दहा मिनिटं डोकेफोड केली, तोवर ते आपोआप थांबलं. सुंठीवाचून खोकला गेला. नंतर चिगू डोकं पुसत बाहेर आल्या. पण तेव्हा मी त्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या नाहीत. मी वायरच्या टोकाकडे बघत होतो.

पाच वाजता हिल्मी रंगाने माखलेला आत आला आणि अंघोळीला गेला. त्याला बाजारात जायचं होतं. चिगू खुर्चीत होत्या, तळवे फरशीवर.

"बालन, परत आलं बघ," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. खरंच, अगदी बारीक सुरुवात झाली होती. बहिऱ्या बाईला माझ्या आधी कळलं याचा मला राग आला, आणि मग मी जिद्दीला पेटलो. आता शिस्तीत शोधायचं ठरवलं. रिसीव्हरला आणि टीव्हीला लागलेल्या वायरी एकेक करून काढत गेलो. शेवटी छपरावरच्या अँटेनाची वायर राहिली. ती उपटली तेव्हा टोकाशी निळी ठिणगी उडाली, बोटाला चिमटा बसला आणि हमिंग एकदम बंद.

"थांबलं!" चिगू ओरडल्या. बहिरी माणसं ओरडतात तेव्हा घरभर ऐकू जातं.

वायर परत लावली, हमिंग परत. काढली, बंद. सापडलं होतं घोडं कुठे पेंड खातंय ते. अँटेनाचा लोखंडी नळ छपरावरून खाली येऊन अंगणातल्या मातीत पुरलेला, आणि कुठूनतरी चोरटा करंट घरातून या वायरीच्या वाटेने त्या नळात उतरत होता. जाता जाता तो वूफरला गुरगुरायला लावत होता. हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. त्यावर इलाजही ठरलेला. अंगठ्याएवढं एक नळकांडं मिळतं, ते वायरीच्या मध्ये बसवलं की चित्र येतं पण करंटची वाट तुटते. माझ्या पेटीत चार होती.

करंट येतो कुठून, हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. माझा कान शांत झाला होता.

हिल्मी कोपर चोळत न्हाणीघरातून बाहेर आला. मी त्याला ठिणगीची गोष्ट सांगायला लागलो, तो टॉवेल शोधत होता, ना त्याने ऐकली ना मी त्याच्या कोपराकडे पाहिलं. मी नळकांडं बसवलं. पंधरा मिनिटं रिसीव्हर पूर्ण आवाजावर नेऊन ठेवला आणि वूफरला कान लावून बसलो. काही नाही. देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता. मी चिगूंना विचारलं, आता?

"आता जमीन गप्प झाली," त्या म्हणाल्या. त्यांनी मला दोन डबे बिस्किटं दिली, एक माझा आणि एक बायकोचा. "तिचा वाटेत संपवू नकोस."

साडेसहाला मी रमजानच्या बाजारात होतो. उपास असो नसो, त्या महिन्यात स्वयंपाक कोण करतो. तव्यांचा धूर, उसाच्या चरकाची घरघर, खिम्याच्या मुर्ताबाक पराठ्याच्या रांगेत चाळीस माणसं. पुढून कोणीतरी हाक मारली. हिल्मी.

"मित्रा, काम झकास," तो म्हणाला. "आईने कुराण लावलंय, आवाज पाचव्या घरापर्यंत जातोय. खुर्चीतून उठायला तयार नाही. म्हटलं, बाई गं, अझानच्या आधी अंघोळ तरी करून घे. आणि आज ते पाणी चावतंय, आधी नळ सोड, मग खाली जा."

"पाणी चावतंय?"

"शॉवर रे. कोपराला असा झटका बसला की भिंतीवर आपटलो. ईदनंतर गीझर बदलायचाय."

"आधी कधी चावलं होतं?"

"कधीच नाही. आजच."

मला बाजाराचा आवाज ऐकू येईनासा झाला. "नेमकं कधी?"

"अरे, आई नाही का ओरडली, थांबलं म्हणून? त्याच क्षणाला. मला वाटलं माझ्याच ओरडण्यावर ती बोलतेय."

मी रांगेतून बाहेर आलो. हमिंग आलं दोनदा, दोन्ही वेळा न्हाणीघरात पाणी चालू होतं. गीझर गळत होता. ती गळती जमिनीत नेणारी अर्थिंगची तार त्या घरात शाबूत नसणारच, नाहीतर करंट सॉकेटांच्या सामाईक अर्थमधून रिसीव्हरमार्गे अँटेनाकडे वळला नसता. अँटेनाची वायर हीच त्या घराची अर्थिंग झाली होती. एक क्षण ती मी उपटली तर हिल्मी भिंतीवर आपटला. आणि आता ती मी कायमची तोडून आलो होतो. ब्रेकर पडणार नव्हता, कारण ब्रेकर डायरेक्ट होता.

"चिगू कितीला अंघोळ करतात?"

"अझानच्या अर्धा तास आधी. का?"

सातला पाच मिनिटं होती. "फोन लाव."

त्याने लावला. वाजत राहिला. "तिला कुठे ऐकू येतं," तो म्हणाला आणि मग त्याने माझं तोंड बघितलं. माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. रोजा सोडायच्या आधीच्या अर्ध्या तासात ताइपिंगचे रस्ते गाड्यांनी तुंबतात. मी फूटपाथवरून काढली, एका नाल्याच्या फळीवरून काढली, लोकांनी शिव्या घातल्या. हिल्मी शेजाऱ्यांना फोन लावत होता. समोरच्या घरातले बाजारातच होते. बाजूच्या घरी कोणी उचलला नाही. त्या वेळेला घरोघर माणसं अंघोळीतच असतात. वाटेत मी त्याला एवढंच सांगितलं की गीझरमध्ये करंट आहे. नळकांड्याचं नाव मी तेव्हाही काढलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी कुराणाचा आवाज आला. इतका स्वच्छ, इतका भरलेला आवाज मी माझ्या हातून कधी काढला नव्हता. त्यात कसलंही हमिंग नव्हतं.

खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराच्या दाराखालून उजेड येत होता आणि आत पाणी पडत होतं. हिल्मी धावला. मी मागून त्याचा सदरा धरला, तो फाटला, मग मी त्याला कमरेला मिठी मारली.

"सोड. माझी आई आहे आत."

"हात लावलास तर तूही जाशील. आधी मेन."

"सोड, बालन."

तो माझ्याहून दांडगा. त्याने मला दोन कोपरं मारली. मी त्याला तसाच ओढत बाहेरच्या दारापर्यंत नेला आणि एका हाताने डबा उघडून खटका खाली ओढला. कुराण मध्येच तुटलं, दिवे गेले. पाणी मात्र पडतच राहिलं, कारण ते छपरावरच्या टाकीतून येत होतं. हिल्मीने खांद्याने दार तोडलं.

चिगू भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुंगीसारखा सारोंग छातीशी बांधलेला, शॉवरची धातूची नळी हातात. हिल्मीने त्यांना उचलून बाहेर आणलं. मी छातीवर दाब देत राहिलो, जसं टीव्हीवर दाखवतात तसं, आणि मोजत राहिलो. कितीतरी वेळ मोजलं. मशिदीतून अझान सुरू झाली आणि संपली. हिल्मी आईच्या केसांतलं पाणी पिळत होता आणि म्हणत होता, आई, सर्दी होईल. अँब्युलन्सवाले आले तेव्हा त्यांनी मला बाजूला केलं, आणि पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग मी एक गोष्ट केली. हिल्मी स्ट्रेचरबरोबर बाहेर गेला. घरात अंधार होता. मी टीव्हीच्या मागे हात घातला, अँटेनाच्या वायरीतलं नळकांडं फिरवून काढलं, वायर पूर्वीसारखी जोडली आणि ते खिशात टाकलं. तेव्हा मी भानावर नव्हतो असं मी बायकोला सांगितलं. तिला सांगितलं तेही अर्धंच. भानावर होतो मी. हात एकदाही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं आणि दुपारी वीज तपासणारा माणूस आला. त्याने तीन गोष्टी लिहून घेतल्या. गीझर आतून गंजलेला. अंगणात फरशी घालताना गवंड्याने अर्थिंगची तार कापलेली, वर फरशी बसवून टाकलेली. आणि ब्रेकर डायरेक्ट. तिसरी गोष्ट लिहिताना त्याने हिल्मीकडे पाहिलं. "हा एवढा पडला असता तर तुमच्या आई आज असत्या," तो म्हणाला. हिल्मीने त्याचं बोलणं पुरतं ऐकलं आणि मग अंगणात जाऊन बसला. मी तिथेच होतो, दोन हातांवर. मला बोलायला तोंड होतं.

ईदला मी गेलो. दरवर्षी जातो, त्या वर्षी न जाणं जास्त दिसलं असतं. घर नातेवाइकांनी भरलेलं. हिल्मी नव्या कपड्यांत बसला होता, बहिणीने जबरदस्तीने घातलेल्या. ईदच्या दिवशी इथे लहानथोर सगळे एकमेकांचा हात धरून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. दिसलेल्या, न दिसलेल्या, सगळ्या. शेवटी म्हणायचं असतं, शून्य-शून्य. म्हणजे तुझ्या बाजूला काही बाकी नाही, माझ्या बाजूला काही बाकी नाही. पोरंटोरं तर हे धावता धावता म्हणतात.

हिल्मी उठला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तू त्या दिवशी म्हणाला होतास, जीव जाईल कोणाचा तरी. मी हसण्यावारी नेलं."

"हिल्मी, असू दे."

"बोलू दे मला. तू धरून ठेवलं नसतंस तर मीही गेलो असतो. आणि मी तुला मारलं. कोपरं मारली. त्याची माफी दे. सगळ्याची दे."

त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याची आई बघायची तसा, ओठांकडे.  खरं सांगायला मला एक श्वास पुरला असता.

"शून्य-शून्य?" त्याने विचारलं.

"शून्य-शून्य," मी म्हणालो.

तो हलका झाल्यासारखा वाटला, खाली बसला आणि माझ्यासाठी ताट मागवलं. त्याच्या बहिणीने भात आणि कोंबडीचं रेंदांग वाढलं. मी ते सगळं खाल्लं.